पेशीतले भाषांतर

सप्तापुरात सकाळी सातला रस्त्यावर आलात, तर पाठीला दप्तर लावलेली मुलेच मुले दिसतात. शिकवणी वर्ग, खानावळी, झेरॉक्सची दुकाने यांनी हा भाग दिवसभर गजबजलेला असतो. इथेच मी तीस वर्षे पदवीपूर्व वर्गांना जीवशास्त्र शिकवले. पुस्तक इंग्रजीत, वर्गातली बहुतेक मुले कन्नड घरांतली, आणि दर वर्षी हल्याळ, खानापूर, बेळगावकडून आलेली, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली दहा-बारा मुले. एकच धडा मी तीनदा सांगत असे. आधी इंग्रजीत वाचायचा, मग कन्नडमध्ये समजावायचा आणि तास संपल्यावर मराठी मुलांना व्हरांड्यात थांबवून पुन्हा एकदा सांगायचा. जनुकावरून प्रथिन कसे तयार होते, हा त्यातला सर्वांत अवघड धडा. तो आपल्याला चांगला शिकवता येतो, असा माझा समज होता. तो माझ्या मामेभावाने मोडला.

मामेभाऊ धारवाडजवळच्या काळ्या रानात कापूस करतो. बीटी कापूस आमच्या भागात नवा होता, तेव्हा त्याने विचारले होते, "अक्का, ह्या बियाण्यात असं काय आहे?" मी घाईत होते. म्हणाले, "बियाण्यातच औषध आहे. अळीनं झाड खाल्लं की ती मरते." त्याला ते पटले. काही वर्षांनी तो कापसाची पाच-सहा बोंडे पिशवीत घालून माझ्या घरी आला. टेबलावर ती फोडून दाखवली. प्रत्येकात गुलाबी अळी आणि किडलेली सरकी. म्हणाला, "औषध घातलेलं बी आणलं की. मग आत अळी कशी?"

बोलता बोलता दोन गोष्टी कळल्या. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची जी लहान पुडी मिळे, ती तो दर वर्षी बांधावर टाकून देत होता, कारण "त्यात औषध नाही". आणि वेचणी संपल्यावरही फरदडीसाठी तो पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे ठेवत होता, कारण "औषध झाडातच आहे, ते कुठं जाणार?" दोन्ही निर्णय माझ्या वाक्यातून सरळ निघाले होते. एका शेतकऱ्याच्या एका पुडीने अळीचे राज्य येत नाही, हे खरे. पण तेच वाक्य मी नंतर कितीतरी तोंडी ऐकले. हा लेख ते वाक्य दुरुस्त करण्यासाठी आहे.

अक्षरे चार, मणी वीस

जनुक म्हणजे पदार्थाचा साठा नव्हे. जनुक म्हणजे मजकूर. डीएनए या लांबलचक रेणूवर चार प्रकारचे घटक ओळीने लागलेले असतात. त्यांच्या नावांची आद्याक्षरे ए, टी, जी, सी. या चार अक्षरांत लिहिलेला, एका विशिष्ट कामाचा उतारा म्हणजे जनुक. कन्नडमध्ये त्याला 'वंशवाही' म्हणतात. तो शब्द त्याचे वारसा पोहोचवण्याचे काम सांगतो. आपला 'जनुक' त्याचे जन्म देण्याचे काम सांगतो. दोन्ही कामे खरी आहेत, पण या लेखाला दुसरे हवे आहे.

प्रथिन ही मात्र वस्तू आहे. अमिनो आम्ले नावाचे वीस प्रकारचे मणी एका दोऱ्यात ओवावेत, तशी त्याची रचना असते. ओवून झालेली माळ आपोआप दुमडते आणि तिला एक ठरावीक आकार येतो. त्या आकारावर तिचे काम ठरते. कोणी प्राणवायू वाहून नेते, कोणी अन्न पचवते, कोणी पेशीच्या पटलावर दारासारखे बसते. मण्यांचा क्रम बदलला की आकार बदलू शकतो, आणि आकार बदलला की काम बिघडू शकते.

म्हणजे प्रश्न असा उरतो की चार अक्षरांच्या मजकुरावरून वीस मण्यांची माळ कशी ओवली जाते?

प्रतिलेखन आणि भाषांतरण

महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात या प्रक्रियेच्या दोन मुख्य पायऱ्यांना प्रतिलेखन आणि भाषांतरण अशी नावे आहेत. ही दोन्ही नावे भाषेच्या व्यवहारातून आलेली आहेत, आणि ती नीट वापरली तर निम्मा धडा त्यांतच शिकवून होतो.

डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो आणि प्रथिने केंद्रकाबाहेर तयार होतात. मूळ ग्रंथ कपाटाबाहेर न्यायचा नसतो, म्हणून हव्या त्या उताऱ्याची नक्कल केली जाते. ती नक्कल आरएनए या रेणूवर उतरते. मजकूर तोच राहतो, फक्त 'टी'च्या जागी 'यू' हे अक्षर येते. जुना मोडी कागद बाळबोधीत उतरवावा, तसे हे काम आहे. लिपीत थोडा फरक पडतो, भाषा बदलत नाही. हे प्रतिलेखन.

वनस्पतींत आणि प्राण्यांत यानंतर आणखी एक काम असते. नकलेत अर्थाच्या ओळींमध्ये अर्थाबाहेरच्या ओळी मिसळलेल्या असतात. त्या कापून उरलेले तुकडे जोडले जातात. हे संपादन चुकले तर पुढचे सगळे चुकते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण बोंडअळीकडे वळताना ती लागणार आहे.

मग येते भाषांतरण. इथे भाषाच बदलते. अक्षरांच्या भाषेतून मण्यांच्या भाषेत जायचे असते. हे काम रायबोसोम नावाच्या यंत्रावर चालते. ते नकलेची तीन-तीन अक्षरे क्रमाने वाचते. प्रत्येक तीन अक्षरांचा गट, म्हणजे कोडॉन, एका अमिनो आम्लाचे नाव सांगतो. पण रायबोसोमला स्वतःला दोन्ही भाषा येत नाहीत. दुभाष्याचे काम वाहक आरएनए करतो. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरांशी जुळणारी तीन अक्षरे असतात आणि दुसऱ्या टोकाला त्या गटाचा मणी. कोणत्या दुभाष्याच्या हाती कोणता मणी द्यायचा, हे ठरवणारी विकरे निराळी. पाहिले तर खरा शब्दकोश त्यांच्यापाशी आहे.

धारवाडात हे समजावणे सोपे जाते. मराठी मातृभाषेचे बेंद्रे इथे कन्नडचे थोर कवी झाले आणि कन्नड शेजारात राहून जी. ए. कुलकर्णी मराठी कथा लिहीत राहिले. दोन भाषांच्या मध्ये उभा असलेला माणूस इथल्या मुलांना घरोघरी ठाऊक असतो.

तीन-तीन अक्षरे वाचण्याची शिस्त किती कडक आहे, हे दाखवायला मी फळ्यावर शब्दांत जागा न सोडता एक वाक्य लिहीत असे: 'मदनगवतउचलपरत'. तीन-तीन अक्षरांनी वाचले की 'मदन, गवत उचल परत' असा सरळ अर्थ लागतो. आता यातले एकच अक्षर, 'द', पुसा आणि पुन्हा तीन-तीनने वाचा: 'मनग वतउ चलप रत'. एका अक्षराने पुढचे सारे वाक्य निरर्थक केले. अक्षर गळण्याऐवजी बदलले, म्हणजे 'ग'च्या जागी 'स' आला, तर 'मदन, सवत उचल परत' होते. बाकीचे वाक्य शाबूत, पण एका शब्दाने भलताच अर्थ. मुले हसत, आणि उत्परिवर्तनाचे दोन प्रकार विसरत नसत.

कोश कोणी लावला

चार अक्षरांतून तीन-तीनचे ६४ गट होतात. त्यांतले ६१ अमिनो आम्लांची नावे सांगतात आणि तीन 'थांबा' सांगतात. कोणता गट कोणाचा, हे उलगडण्याची सुरुवात १९६१ साली मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी केली. फक्त 'यू' अक्षर असलेला आरएनए पेशीच्या अर्कात घातल्यावर एकाच प्रकारच्या मण्याची, फिनाइलअ‍ॅलॅनिनची, माळ तयार झाली. पुढे हरगोविंद खुराना यांनी प्रयोगशाळेत ठरावीक क्रमाचे आरएनए घडवले. 'यूसीयूसीयूसी' असा मजकूर दिला की त्यात 'यूसीयू' आणि 'सीयूसी' हे दोनच गट आलटून पालटून येतात, आणि माळेतही सेरीन व ल्यूसीन हे दोनच मणी आलटून पालटून आले. खुराना, निरेनबर्ग आणि वाहक आरएनएची रचना शोधणारे रॉबर्ट हॉली यांना १९६८चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

६१ गट आणि वीस मणी, म्हणजे या भाषेत समानार्थी शब्द भरपूर. ल्यूसीनसाठी सहा गट आहेत, मेथिओनीनसाठी मात्र एकच. आणि जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ सर्व जीवांचा कोश एकच आहे. म्हणूनच एका जीवाचा मजकूर दुसऱ्या जीवाला वाचता येतो. बीटी कापसाची कल्पना या एकाच गोष्टीवर उभी आहे.

जिवाणूचा मजकूर, कापसाची बोली

बीटी हे 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जिवाणूच्या नावाचे लघुरूप. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात पिठातल्या मेलेल्या अळ्यांमध्ये तो १९११ साली एर्न्स्ट बर्लिनर यांना सापडला. हा जिवाणू 'क्राय' गटाची प्रथिने तयार करतो. बोंडअळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते प्रथिन विरघळते, तिथल्या विकरांनी छाटले जाते, आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक ग्राहक प्रथिनांना चिकटते आणि पेशींना भोके पाडते. अळी खाणे सोडते व मरते. तो ग्राहक नसेल तर प्रथिनाचे काही चालत नाही.

या प्रथिनाचा मजकूर म्हणजे 'क्राय १ एसी' नावाचा जनुक. ही जवळपास १,१८० मण्यांची माळ आहे, म्हणजे साडेतीन हजार अक्षरांचा उतारा. कोश एकच, तेव्हा तो उतारा जसाच्या तसा वनस्पतीत घातला की काम झाले, असे वाटावे. पण तसा घातल्यावर प्रथिन अगदीच थोडे तयार झाले. कारण भाषा एक असली तरी बोली वेगळी होती. बटाट्याला नागपुरात आलू म्हणतात. अर्थ एकच, पण कोणता शब्द कुठे रुळलेला आहे, हे गावागणिक बदलते. समानार्थी गटांतले कोणते गट जास्त वापरायचे, याची प्रत्येक जीवाची सवय अशीच निराळी असते. शिवाय या जिवाणूच्या मजकुरात 'ए' आणि 'टी' यांची इतकी दाटी होती की वनस्पतीची पेशी मध्येच 'नक्कल इथे संपली' अशी खूण वाचायची.

तेव्हा शास्त्रज्ञांनी मजकूर पुन्हा लिहिला. एकही मणी न बदलता ठिकठिकाणी समानार्थी गट घातले. नव्या मजकुरापासून तयार होणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढले. हे काम १९९०च्या सुमाराचे. आशय कायम ठेवून वाचणाऱ्याच्या बोलीत उतरवणे, हे भाषांतरकाराचे काम प्रयोगशाळेत असे अक्षरशः करावे लागले.

भारतात २००२च्या मार्चमध्ये बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना मान्यता मिळाली. ती जालन्याच्या महिको कंपनीची होती. २००६मध्ये 'क्राय १ एसी'बरोबर 'क्राय २ एबी' हा दुसरा जनुक असलेले वाण आले.

मजकूर सगळीकडे, माल कमीजास्त

इथे मामेभावाच्या पहिल्या चुकीचे, म्हणजे माझ्या चुकीचे, मूळ सापडते. 'बियाण्यात औषध आहे' म्हटले की डबाभर औषध डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात बियाण्याबरोबर मिळते ती औषध करायची कृती. ती झाडाच्या प्रत्येक पेशीत असते. पण कृती असणे वेगळे आणि पदार्थ रांधला जाणे वेगळे. प्रत्येक पेशीने नक्कल काढावी, माळ ओवावी, तेव्हा प्रथिन तयार होते. तयार झालेले प्रथिन झिजते, आणि नवे करावे लागते.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेली मोजणी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. पानांत 'क्राय १ एसी' सर्वांत जास्त होते. बोंडाची साल, कळी, फुलातला बीजकोश इथे ते सर्वांत कमी होते, आणि अळी नेमकी तिथेच लागते. पीक जसे जुने होत गेले तसे प्रमाण घटले, आणि पेरणीनंतर सुमारे ११० दिवसांनी ते अमेरिकन बोंडअळीला मारायला लागणाऱ्या मात्रेच्याही खाली गेले. जनुक तेव्हाही प्रत्येक पेशीत होता. फेब्रुवारी-मार्चमधल्या फरदडीच्या झाडात मजकूर शाबूत असतो, पण माल जेमतेम तयार होतो. अळीला ते अर्धपोटी औषध मिळते, आणि हंगाम संपल्यावरही राहायला घर मिळते.

अळीच्या पेशीतली चूक

आता अळीकडे वळू. क्राय प्रथिन ज्या ग्राहकांना चिकटते, त्यांतला एक म्हणजे कॅडहेरिन नावाचे प्रथिन. तेही अळीच्या एका जनुकावरूनच तयार होते. भारतातल्या प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळीवरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. या अळ्यांच्या कॅडहेरिनच्या मजकुरात बिघाड झालेले होते, आणि नकलेचे कापणे-जोडणे भलतीकडेच होत होते. त्यामुळे 'थांबा'ची खूण अकाली येत होती आणि माळ अर्धवट राहत होती. कुलूपच बदलले, मग किल्ली कशी चालणार? झाडाने औषध तयार केले तरी ते चिकटायला अळीत जागा उरली नव्हती.

गुजरातमधल्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत 'क्राय १ एसी'ला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी २००९च्या हंगामात आढळली. पुढे दोन जनुकांचे वाणही तिने पचवले. २०१७मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांत डोमकळ्या आणि किडकी बोंडे यांचे जे चित्र दिसले, ते आपल्या वाचकांना आठवत असेल.

बांधावर टाकलेल्या पुडीचे काम इथे होते. अळीला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक जरी प्रत शाबूत असली, तरी ठीक कॅडहेरिन तयार होते आणि अळी बीटी झाडावर मरते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच ती वाचते. अशा अळ्या सुरुवातीला विरळ असतात. शेजारी साध्या कापसाच्या ओळी असल्या, तर तिथे शाबूत प्रतींचे भरपूर पतंग वाढतात, विरळ प्रतिकारक पतंगांचा जोडा त्यांच्याशीच जुळतो, आणि पिल्लांना निदान एक शाबूत प्रत मिळते. साध्या ओळी नसल्या, तर वाचलेल्यांचा जोडा वाचलेल्यांशीच जुळतो. 'औषध नसलेली' पुडी औषधाचे आयुष्य वाढवण्यासाठी होती. अमेरिकेत अशा साध्या कापसाच्या ओळी नेमाने राखल्या गेल्या, पुढे वांझ पतंगही सोडले गेले, आणि २०१८मध्ये तिथल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

चार सरक्यांतली एक

आपल्याकडे आणखी एक गोष्ट निराळी आहे, आणि तिचा धारवाडशी संबंध आहे. आपला बहुतेक बीटी कापूस संकरित. संकरित कापसाच्या इतिहासात आमच्या गावाचे नाव मोठे. डॉ. बी. एच. कातरकी यांनी १९७२ साली इथल्या कृषी संशोधन केंद्रावर दोन वेगळ्या जातींच्या संकरातून 'वरलक्ष्मी' हा लांब धाग्याचा वाण काढला. संकरित बीटी झाडाला बीटी जनुक सहसा एकाच पालकाकडून आलेला असतो. अशा झाडाच्या बोंडातल्या सरक्यांमध्ये जनुक वाटला जातो, आणि सरासरी चार सरक्यांतली एक त्याच्याशिवाय तयार होते. दोन जनुके स्वतंत्र जागी असतील, तर दोन्ही नसलेली सरकी सोळांत एक. गुलाबी अळी राहते बोंडात आणि खाते सरकी. म्हणजे एकाच बोंडात तिला औषधी आणि बिनऔषधी घास मिळतात, आणि प्रतिकार वाढायला ही परिस्थिती सोयीची असते. घरची सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरली तर तिच्यातही हेच वाटप होते.

सरळ वाणात ही अडचण नसते. धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ, नागपूरची संस्था आणि दिल्लीचे संशोधक यांनी मिळून 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणाचा बीटी प्रकार तयार केला होता. २००९मध्ये तो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलाही. पण त्यात आधीच्या खासगी वाणातल्या जनुकाचा अंश आढळला आणि तो मागे घेतला गेला. मजकूर कोणाचा आणि किती निर्भेळ, हा प्रश्न जनुकांच्या बाबतीतही ग्रंथांइतकाच गंभीर ठरतो.

नवे वाक्य

त्या दिवशी टेबलावरची बोंडे बाजूला सारून मी मामेभावाला हे सगळे सांगितले. 'मदन, गवत उचल परत'सुद्धा लिहून दाखवले. अलीकडे साधे बियाणे बीटी बियाण्यातच मिसळून द्यायची पद्धत आली आहे, त्यामुळे पुडीचा प्रश्न त्याच्या हातात फारसा उरलेला नाही. पण त्याने फरदड सोडली. डिसेंबर संपता संपता पऱ्हाट्या उपटतो, आणि शेजाऱ्याने कारण विचारले की सांगतो, "झाडाला औषधाची कृती दिलेली आहे, पण झाड म्हातारं झालं की रांधायचं कमी करतंय." मला तीस वर्षांत इतके नेमके वाक्य सुचले नव्हते.

विज्ञान मराठीत लिहिणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की जनुकाविषयी लिहिताना वस्तूचा शब्द वापरू नये, मजकुराचा वापरावा. 'साखरेचा जनुक', 'उंचीचा जनुक', 'औषधाचा जनुक' म्हटले की ऐकणाऱ्याला डबा दिसतो. 'कृती', 'नक्कल', 'भाषांतर' म्हटले की पुढचे प्रश्न त्याचे त्यालाच सुचतात. कोण वाचतो, केव्हा वाचतो, किती वेळा वाचतो, वाचताना चुकतो का? माझ्या मामेभावाने हे प्रश्न विचारायला हवे होते. मी त्याला जे वाक्य दिले होते, त्यात त्यांना जागाच नव्हती.